बसायचं काम

वास पहिल्यांदा आला तेव्हा गंगुबाईला वाटलं, झोपडीमागं घूस मरून पडली असेल. तिनं विटांचा ढीग हलवला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकल्या, खाटेखाली काठी घालून पाहिली. काही सापडलं नाही. मे महिना होता, दिल्लीचं गरम वारं, लू, सुटलं होतं, डोक्यावरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. अशा उन्हात काहीही सडतं, असं स्वतःशीच बडबडत तिनं फिनेल शिंपडलं आणि घमेलं उचलून कामावर गेली.

वास खाटेखाली नव्हता, खाटेवरच होता. हे तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. नवऱ्याला खुर्चीत बसवायला तिनं त्याच्या काखेत हात घातले, तर अंग नुसतं पेटलेलं, आणि दात वाजत होते.

“ताप हाये तुमाले.”

“उन्हाचा हाये. आटप गंगे, रेतीच्या गाड्या येतीन.”

“पालथे व्हा.”

“येड लागलं का तुले? गेटवर कोणी नाही.”

बाबुराव आंघोळ स्वतःच्या हातानं करायचा, चादरीचा पडदा ओढून. बायकोनं आपली घाण काढावी हे त्याला मरणाहून वाईट वाटायचं, आणि तिनंही त्याचा मान ठेवला होता. त्या सकाळी तिनं मान-बिन काही ठेवला नाही. त्याला उलटा पाडला आणि पायजमा खाली ओढला. बसताना माणसाचं हाड जिथं टेकतं, तिथं डाव्या बाजूला वाटीएवढा काळा डाग होता. तिला वाटलं, डांबर लागलंय. पदरानं पुसायला गेली तर डागाची एक कड सुटली आणि आतून हिरवट पाणी वाहायला लागलं. वास तोच होता.

“काय हाये?” बाबुरावनं उशीत तोंड खुपसून विचारलं. “सांग ना, काय हाये?”

त्याला काही कळत नव्हतं. कमरेखाली त्याला जीवच नव्हता. समोर उभी राहत होती त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, सेंटरिंग ठोकताना त्याच्या पायाखालची फळी सरकली आणि तो रेतीच्या ढिगावर पडला. रेती होती म्हणून वाचला, असं सगळे म्हणाले. वाचला म्हणजे डोकं वाचलं आणि दोन हात वाचले.

मालक मोठा दयाळू निघाला. दुसऱ्या एखाद्यानं गावचं तिकीट हातावर ठेवून वाटेला लावलं असतं. यानं निरोप धाडला, ‘बाबुराव हमारा आदमी है, गेट पे बैठेगा.’ लोखंडी खुर्ची दिली, निळा शर्ट दिला, शिट्टी दिली, आणि राहत होते ती झोपडी राहू दिली. मुकादम राजाभाऊ त्यांच्याच रिसोडकडचा, त्यानंच गावाकडच्या या सगळ्यांना दिल्लीतल्या द्वारकेला कामावर आणलेलं. तो हसून म्हणाला होता, “काम कायचं वहिनी, नुसतं बसायचं! बसून खायले नशीब लागते.”

मग बाबुराव बसला. सकाळच्या पहिल्या गाडीपासून संध्याकाळी काम सुटेपर्यंत बसला. गाडी आली की गेटची दोरी ओढायची, गेली की सोडायची. लघवीची थैली शर्टाखाली लपवायची. चारी बाजूंनी नव्या सोसायट्या उठत होत्या, फलकांवर कारंजी काढली होती, मोटारीतून फ्लॅट बघायला माणसं यायची आणि मालक गेटपाशी थांबून त्यांना दाखवायचा, “देखिए, अपने वर्कर को हमने छोड़ा नहीं. सुबह से शाम तक जगह से हिलता नहीं.” तो हलणार कसा, हे एकानंही विचारलं नाही. बाबुरावची छाती मात्र त्या बोलण्यानं फुगायची. जागचा न हलणं हाच त्याचा आता हुन्नर झाला होता.

लोखंड टोचत असेल म्हणून गंगुबाईनं त्याला चुंबळ करून दिली. जन्मभर तिनं डोक्यावर ओझं वाहिलं होतं, गावाकडं सरपण आणि इथं विटा, रेती, गिलाव्याचा माल. डोकं शाबूत राहिलं ते चुंबळीमुळं. तीच वस्तू मोठी केली की झालं, एवढा तिचा हिशेब. जुनं लुगडं घट्ट पिळून, आत चिंध्या कोंबून, वरून सुतळीनं आवळून तिनं परातीएवढी गोल चुंबळ वळली. बाबुरावला तिच्यावर बसवला. तो म्हणाला, “लई बेस झाली.” तेवढ्या एका वाक्यावर ती किती दिवस खूश होती.

आता ती चुंबळ एका बाजूनं ओली झाली होती आणि तिच्यावर माशा बसल्या होत्या.

ती तशीच धावत राजाभाऊकडं गेली. तो लिफ्टच्या माणसांशी बोलत होता.

“गाडी द्या. त्यायले दवाखान्यात न्यायचं हाये.”

“काय झालं?”

“मागून सडले ते.”

राजाभाऊनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “फोड असन वहिनी. पावडर मारा. आजच्या दिवस बसू द्या, मालक येऊन राहिले. उद्या पाहू.”

गंगुबाई तिथूनच वळली. ती गेटवर गेली, आडवी दोरी ओढून घेतली आणि आपल्या कमरेला गुंडाळून गाठ मारली. रेतीचा पहिला ट्रक आला, त्याच्यामागं विटांचा, त्याच्यामागं पाण्याचा टँकर. हॉर्न सुरू झाले. ट्रकवाला खाली उतरून आईबहिणीवरून बोलला. ती दोरी धरून मधोमध उभी राहिली.

“हटो बाई! पागल हो गई हो?”

“टेंपो दो, फिर हटेगी!” ती ओरडली. तिची हिंदी तेवढीच होती, पण पुरली.

पाण्याचा टँकर अडला की गिलाव्याचं काम अडतं, हे राजाभाऊला चांगलं ठाऊक होतं. त्यानं शिव्या देत सामानाचा टेंपो काढला. बाबुरावला गोण्यांवर पालथा घातला. गंगुबाईच्या जोडीला काम करणारी कौशल्या धावत आली, पाण्याची बाटली आणि भाकरी तिच्या मांडीवर टाकली. टेंपो हलला तेव्हा बाबुराव तापात बडबडत होता, “गेटवर कोण हाये? गेटवर कोणाले बसवलं?”

मोठ्या सरकारी दवाखान्यात दुपार जमिनीवरच गेली. माणसं त्याला ओलांडून जात होती, नाकाला रुमाल लावत होती. एका बाईनं आपलं पोर उचललं आणि लांब जाऊन बसली. गंगुबाईला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

शेवटी एक तरुण डॉक्टरीण आली. कागदावरचं गाव वाचून ती मराठीत बोलली.

“मावशी, महाराष्ट्रातल्या का तुम्ही? मी श्रावस्ती. चला, बघू दे.”

बुद्धाच्या गावाचं नाव ऐकून गंगुबाईचे हात आपोआप जुळले. “जय भीम, बाई.”

“जय भीम,” ती हळूच म्हणाली आणि हातमोजे चढवले.

तिनं जखमेत बोट घातलं. बोट आत जात राहिलं, जात राहिलं आणि मग कशाला तरी टेकलं. ते हाड होतं.

“वरून छोटं दिसतंय, आत खूप मोठा खड्डा आहे,” ती म्हणाली. “मांस मेलंय. पू हाडापर्यंत गेलाय. मेलेलं सगळं आजच कापून काढायला लागेल, नाहीतर हे विष रक्तात जाईल. बिल्कुल थांबता येणार नाही.”

“कशानं झालं हे?”

“बसून. हाडाखाली मांस दबतं, तिथं रक्त पोचत नाही. आपण बसल्या बसल्या सारखे हलतो मावशी, आपल्याला कळत पण नाही. यांना दुखतच नाही, मग हे कसे हलणार? कशावर बसायचे?”

“खुर्ची लोखंडी हाये. पण मी चुंबळ करून देलती.” एवढ्या सगळ्यातही हे सांगताना तिचा आवाज जरा वर झाला.

“चुंबळ म्हणजे?”

दिल्लीत वाढलेल्या पोरीला शब्द माहीत नव्हता. गंगुबाईनं कमरेला खोचलेली आपली रोजची चुंबळ काढून डोक्यावर ठेवली. श्रावस्तीनं ती हातात घेतली आणि फिरवून पाहिली.

“अशीच गोल? मधे रिकामी?”

“व्हय. याच्याहून मोठी. घट्ट.”

“मावशी, तुम्ही चांगल्यासाठी केलं. पण असल्या गोलावर बसलं की चहूबाजूंनी दाब पडतो आणि मधल्या मांसाचं रक्त तुटतं. त्यानं जास्त झालं. खूप लोक करतात, तुम्हाला कोणी सांगितलंच नसणार.”

डॉक्टरीण हळू आवाजात बोलली, पण असली गोष्ट हळू बोलून हलकी होत नाही. गंगुबाई भिंतीला टेकली. आपल्या हातानं पिळलेला एकेक पीळ तिला आठवला. सुतळी आवळताना तिनं दातांचा जोर लावला होता. नवऱ्याचं मांस आपण आवळून मारलं, हे तिच्या डोक्यात शिरलं आणि बाहेर निघेना. तिला रडू आलं नाही. तिला राग आला. स्वतःचा आला, खुर्चीचा आला, आणि ‘बसून खायले नशीब लागते’ म्हणणाऱ्याचा सगळ्यात जास्त आला. अपघातानंतर दवाखान्यातून मालकाच्या घाईपायी त्याला लवकर काढून आणला होता. कसं बसवायचं, कसं उचलायचं, हे विचारायला उसंत कोणी दिली होती?

काळं मांस त्याच संध्याकाळी कापलं. त्याला भूल द्यायचीही गरज पडली नाही. दिवे लावून, नळ्या जोडून, पालथा घालून श्रावस्ती आणि तिचे मोठे डॉक्टर कात्रीनं आणि सुरीनं कापत होते आणि बाबुराव जागा होता. वॉर्डात परत आणल्यावर तो बायकोला कौतुकानं सांगायला लागला, “साहेबाले मी म्हणलं, आपल्या गेटातून मुंगी जात नाही. हासले ते.” बाहेर आणलेल्या ट्रेमध्ये काय होतं ते गंगुबाईनं दारातून पाहिलं होतं. खाटकाच्या दुकानात कुत्र्यांना टाकतात तसलं, पण काळं.

मग रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. मुठीएवढा खड्डा, त्यात ओली पट्टी कोंबायची, दुसऱ्या दिवशी ती ओढून काढायची, पुन्हा जरासं मेलेलं कापायचं. श्रावस्तीनं तिला जवळ उभं केलं. “बघा मावशी, आणि शिका. घरी हे तुम्हालाच बघायचंय.” पहिल्यांदा गंगुबाई बाहेर जाऊन ओकली. नंतर ओकली नाही. त्याला कुशीवर कसं वळवायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, टाचा अधांतरी कशा ठेवायच्या, आरशात त्याचं त्याला कसं दाखवायचं, सगळं ती शिकली. नर्सबाई खेकसायच्या, वॉर्डबॉय दारातून हाकलायचा, “ए, बाहर बैठो, गंदगी मत करो.” ती दुसऱ्या दारानं आत यायची. अंडी, दूध, डाळ, जे सांगितलं ते कौशल्या आणि साइटवरच्या बायका आपापल्या पोटाला चिमटा घेऊन आळीपाळीनं पोचवत होत्या. रक्त लागलं तेव्हा गंगुबाईनं दिलं. त्यानंतर चक्कर आली म्हणून ती जिन्यात बसली, तर तिथूनही कोणीतरी उठवलं.

हळूहळू ताप उतरला. खड्ड्याच्या तळाशी लाल मांस दिसायला लागलं, दाणेदार, ओलं. श्रावस्ती ते पाहून खूश झाली.

“आता मोठं ऑपरेशन. हाडाचा खराब भाग घासून काढायचा आणि मांडीच्या मागचं मांस, कातडीसकट, सरकवून वर आणून खड्डा भरायचा. पण एक गोष्ट नीट ऐका मावशी. नंतर कितीतरी आठवडे हे बसणार नाहीत. पालथं किंवा कुशीवर, बस. बसले तर टाके तुटतील, आणि तिथं आणून लावायला दुसरं चांगलं मांस नाहीये. मग हाड सडेल. मग मी काही करू शकणार नाही.”

“नाही बसत,” गंगुबाई म्हणाली.

“आणि पुढं बसले तरी थोडा वेळ, जाड मऊ गादीवर, आणि सारखं हातावर उचलून घ्यायचं. दिवसभर खुर्ची कधीच नाही.”

ऑपरेशनच्या दिवशी ती थिएटरबाहेर फरशीवर बसली. करायला काही नव्हतं, म्हणून तिनं आपल्याच शरीराकडं लक्ष दिलं. जागचं हलायचं नाही असं ठरवून बसली. थोड्या वेळात डावा कुल्ला आपोआप उचलला गेला. पुन्हा ठरवलं, तर पाय लांब झाला. मन तिकडं आत लागलेलं, आणि अंग आपलं इकडं कूस बदलत होतं, मुकाट्यानं, कोणाला न विचारता. जन्मभर अंगानं आपली अशी राखण केली आणि आपल्याला पत्ताच नाही, या विचारानं तिला हुंदका आला. त्याच्या अंगानं ती राखण सोडली होती, आणि अशा माणसाला त्यांनी राखणीला बसवलं होतं.

त्याला बाहेर आणलं तेव्हा मांडीपासून वरपर्यंत टाक्यांची लांब रेघ होती आणि एका नळीतून डबीत रक्त ठिबकत होतं. मांस धरलं, असं श्रावस्तीनं काही दिवसांनी बोट दाबून पाहून सांगितलं.

पालथं पडून बाबुराव चिडका झाला. त्याला फक्त फरशी दिसायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला.

“हे काय जिणं हाये? गेटवर होतो तं माणूस तरी वाटत होतो. सलाम घालायचे लोक.”

“तुमाले खाली काही कळत नव्हतं ना?” गंगुबाईनं मध्येच विचारलं. कितीतरी दिवस हे तिच्या ओठांवर होतं.

“नाही.”

“मंग चुंबळ बेस झाली, असं कशावरून म्हणलं तुमी?”

 तो फरशीलाच म्हणाला, “तू केली होती म्हून.”

तिनं त्याच्या डोक्यात एक टपली मारली. मग तिथंच हात ठेवून ती रडली, आणि रडता रडता त्याला शिव्या दिल्या. शेजारच्या खाटेपाशी बसलेली म्हातारी त्या दोघांकडं बघतच राहिली.

सुट्टी मिळायची वेळ जवळ आली तसा राजाभाऊ उगवला. इतके दिवस फिरकला नव्हता. हातात इस्त्री केलेला नवा निळा शर्ट आणि केळी.

“काय बाबुराव, झाले ना बरे? परवा चाव्या द्यायचा कार्यक्रम हाये सोसायटीत. मंडप टाकला, बुफे हाये. मालक म्हणे, बाबुराव गेटवर पायजे. फ्लॅटवाल्या समद्यायले दाखवायचा हाये. फोटोवाला येणार.”

बाबुरावनं कोपरावर जोर देऊन मान वर उचलली. त्याच्या डोळ्यांत चमक आलेली गंगुबाईनं पाहिली.

“डाक्टरनं बसायले मना केली,” ती म्हणाली.

“अवो वहिनी, एक दिवस. एका दिवसानं काय होते? मी स्वतः गाडी घेऊन येतो. अन् खरं सांगू का, आता काम संपलं. झोपड्या उठवणार हायेत. बाबुराव गेटवर राहिला तं त्याची झोपडी राहीन. नाहीतं मालकाले मी काय सांगू?”

“एका दिवसाचं तं हाये गंगे,” बाबुराव म्हणाला. “घर जाईन.”

“अन् तुमी जासान त्याचं काय?”

“मी काय, असा का तसा! पालथं पडून मरण्यापेक्षा...”

गंगुबाई उठली. भिंतीजवळ नर्सबाईंचा लोखंडी स्टूल होता, तो ओढत आणला आणि खाटेच्या डोक्याशी आदळला. कमरेची चुंबळ काढून त्यावर ठेवली.

“बसा राजाभाऊ.”

“काय?”

“बसा. पाहुणे हाये तुमी. नुसतं बसायचं. हलायचं तेवढं नाही.”

“हे काय खूळ...”

“बसा म्हणते ना!”

तिचा आवाज सगळ्या वॉर्डात गेला. माणसं बघायला लागली. चारचौघांत बाईनं बस म्हटल्यावर न बसणं बरं दिसेना, म्हणून राजाभाऊ कसंनुसं हसत बसला. हात मांडीवर ठेवले. गंगुबाई समोर उभी राहिली आणि त्याच्या कुल्ल्यांकडं बघत राहिली, लाजबीज सोडून. वरती पंखा घरघरत होता. राजाभाऊनं मंडपाचं काहीतरी बोलायला सुरुवात केली, आचारी कोण, मिठाई कुठली. बोलता बोलता तो जरासा उजवीकडं कलला.

बाबुराव पालथा होता. त्याला राजाभाऊचं तोंड दिसत नव्हतं, फक्त चामड्याच्या चपलांतले दोन पाय दिसत होते. डावा पाय उचलला गेला आणि पुन्हा टेकला. मग उजव्याची टाच दबली. मग दोन्ही पाय मागं सरकले. बाबुराव ते पाय बघत राहिला. पाचव्या मजल्यावरून पडल्यापासून त्यानं कोणाचे पाय इतके नीट पाहिले नव्हते.

“राजाभाऊ,” तो म्हणाला.

“हां, बोल.”

“हलून राहिले तुमी.”

“कोण, मी? नाही तं.”

“हलून राहिले. दोनदा हलले. आता पुन्हा हलले.” त्यानं त्या पायांकडं बोट केलं. “तुमाले माहीत बी नाही. अन् मले असल्याच लोखंडावर समदा उन्हाळा... तुमी म्हणले, नुसतं बसायचं हाये. मी तं त्याची फुशारकी मारत होतो, राजाभाऊ! हाड सडेपर्यंत फुशारकी मारत होतो!”

राजाभाऊ उठून उभा राहिला. हात मागं गेला आणि नकळत कुल्ला चोळायला लागला. ते लक्षात येताच त्यानं हात झटकन काढला.

“मंग काय सांगू मालकाले?”

“सांगा, बाबुराव पालथा पडला हाये,” बाबुराव म्हणाला. “उठत नाही म्हणा.”

“झोपडी उद्या मोडतीन. मंग मले बोल लावू नका.”

“मोडा,” गंगुबाई म्हणाली. “पत्रे आमचे हायेत, तेवढे बाजूले ठेवजा. कौशल्या दुसऱ्या साइटवर चालली, तिथल्या तिच्या झोपडीत आमची खाट मावते, तिनं सांगतलं. अन् हा शर्ट न्या. मालकाच्या अंगात बरोबर बसन. त्यायलेच बसवा गेटवर, सकाळपासून संध्याकाळवर. फोटो चांगला येईन.”

राजाभाऊनं शर्ट उचलला. केळी न्यावी की ठेवावी, हे त्याला कळेना. शेवटी ती त्यानं स्टुलाच्या पायाशी ठेवली आणि कोणाकडं न बघता निघून गेला.

गंगुबाईनं चुंबळ उचलली, दोनदा जोरात झटकली आणि कमरेला खोचली. उद्यापासून तिला दुसऱ्या साइटवर ओझं शोधायचं होतं, आणि ती डोक्यासाठी लागणार होती. मग ती खाटेच्या कडेला गेली, नवऱ्याच्या खांद्याखाली एक हात आणि कमरेखाली एक हात घातला.

“चला, कूस बदलायची वेळ झाली,” ती म्हणाली. “मी म्हणते तवा जोर करा.”